अकराव्या तासाचे मजूर

परवा एका विद्यार्थ्याने भाषांतर तपासायला दिलं. त्यात वाक्य होतं, 'मंत्री अकरा वाजता धावून आले.' मूळ इंग्रजीत होतं, 'ॲट द इलेव्हन्थ अवर'. मंत्री आले होते दुपारी दीडला.

हे अकरा मोजायचे ते सूर्योदयापासून. येशूच्या काळी पॅलेस्टाइनमध्ये दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करत. म्हणजे अकरावा तास आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, एका द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मालक पहाटे मजूर आणतो, रोज ठरतो एक दिनार. मग नऊला, बाराला, तीनला आणखी आणतो. पाचला जातो तर काही माणसं अजून उभीच. दिवसभर कुणी कामाला लावलेलंच नाही. तो त्यांनाही घेतो. संध्याकाळी मजुरी वाटायला सुरुवात होते ती शेवटी आलेल्यांपासून, आणि सगळ्यांना एकेकच दिनार! दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मला तर त्यांची ती कुरकुर अगदी रास्त वाटते.

आजच्या इंग्रजीत मजुरी गळाली, वेळ तेवढी राहिली. अर्थ असा, की अगदी शेवटी, पण मुदत संपण्याआधी. निवडणुकीचा अर्ज भरायची मुदत दुपारी तीनपर्यंत. पावणेतीनला उमेदवार धापा टाकत, सूचकाला ओढत अधिकाऱ्याच्या दारात पोचला, तर तो इलेव्हन्थ अवर. तीन वाजून पाच मिनिटांनी पोचला, तर बैल गेला अन् झोपा केला. (झोपा म्हणजे झोप नव्हे बरं, गोठ्याचं दार!) मराठीत 'ऐन वेळी' म्हणून भागतं, पण पाहुणेही ऐन वेळी येतात, तिथे मुदत कसली? 'अगदी शेवटच्या घटकेला' हे जास्त जवळचं.

द्राक्षमळ्याच्या त्या गोष्टीत कुरकुरणाऱ्यांना मालक जे उत्तर देतो, त्यावरून इंग्रज लेखक जॉन रस्किनने आपल्या पुस्तकाला नाव दिलं, 'अन्टू धिस लास्ट'. या शेवटच्यालाही तेवढंच, असा त्या उत्तराचा रोख. 1904 साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचलं, आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही. 1908 मध्ये त्याचा सारांश त्यांनी गुजरातीत लिहिला. नाव ठेवलं 'सर्वोदय'. पुढे विनोबा जो शब्द घेऊन गावोगाव पायी फिरले, तो हाच.