फरशीखालचा चुना



आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची जी चिमुकली कांस्यमूर्ती आहे, ती ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. ज्या रोमन जगातून ही मूर्ती पंचगंगेकाठी आली, तेथील श्रीमंतांच्या घरांत याच समुद्रदेवाच्या आकृती रंगीत खड्यांनी जमिनीवर जडविलेल्या असत. अशा बांधीव व जडावाच्या भूमीला संस्कृतात कुट्टिम हा सुंदर शब्द आहे. आपण हल्ली तिला मोझेइक म्हणतो. पाहणाऱ्याची दृष्टी त्या खड्यांवरच खिळावी हे स्वाभाविक आहे. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते, त्या खड्यांना दोन-दोन सहस्र वर्षे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चुन्याविषयी.

व्हिट्रूव्हिअस या रोमन स्थपतीने जमीन बांधण्याचा विधी तपशीलवार लिहून ठेवला आहे. तळाशी मुठीएवढे दगड, त्यांवर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचा धुमसून घट्ट केलेला थर, आणि त्याच्याही वर तीन भाग कुटलेले खापर व एक भाग चुना यांचा थर. आपल्याकडील एखाद्या वृद्ध गवंड्याला हे वाचून दाखविले, तर त्याला त्यात परके असे काही वाटणार नाही, कारण विटांची सुरखी चुन्यात मिसळून कोबा करण्याची विद्या त्याच्या घराण्यातही चालत आलेली असते. भाजलेल्या मातीचा चुन्याशी संयोग होऊन जो माल तयार होतो, तो हवा न पोहोचणाऱ्या जागी, किंबहुना पाण्याखालीही घट्ट होतो. हौद बांधताना सुरखी का वापरीत, याचे इंगित हेच.

मग या मालाची परीक्षा करतात कशी? चिमूटभर नमुना सौम्य आम्लात टाकला, की चुना फसफसून विरघळतो व मागे राहिलेल्या वाळूचे वजन व कण पाहता येतात. आपल्या काळ्या पाषाणाची वाळू यात तग धरते. पण जेथे वाळूच चुनखडकाची, तेथे आम्ल चुन्याबरोबर वाळूही गिळून टाकते, आणि म्हणून नमुन्याची सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. वनस्पतींचे अंश तर आणखी बोलके असतात. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी अशाच परीक्षणातून दाखवून दिले. आणि आम्हां कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा गूळ! चुन्यात गुळाचे पाणी घालीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, हे त्यामागील रसायन ठाऊक झाले, म्हणजे त्या अनामिक कारागिरांविषयीचा आदर दुणावतो.

हा सारा खटाटोप केवळ जिज्ञासेपोटी नाही. गतशतकात भूमध्यसमुद्राकाठची कित्येक कुट्टिमे उचलून लोखंडी सळयांच्या सिमेंटवर बसविण्यात आली. ओलाव्याने सळया गंजल्या, फुगल्या, आणि ज्यांच्या रक्षणासाठी हे केले तेच खडे फुटू लागले. १९७७ साली रोम येथे मोझेइकांच्या जतनासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, तीही असल्या प्रश्नांचा विचार करण्यासाठीच. मूळ मालाची परीक्षा झाली, तरच दुरुस्तीचा माल त्याला साजेसा करता येतो. तो मूळ मालाहून किंचित दुबळा असावा, ओलावा बाहेर सोडणारा असावा, म्हणजे झीज व्हावयाची ती त्याची होईल, जुन्या खड्याची होणार नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या चिऱ्यांमधील दरजा सिमेंटने बुजविलेल्या पाहिल्या, की मला मनस्वी वाईट वाटते. कोंडलेला ओलावा मग त्या चिऱ्यालाच पोखरीत जातो.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. आपल्या घरचा जुना कोबा वा गिलावा उकरण्याचा प्रसंग आलाच, तर गवंड्याला क्षणभर थांबवून त्याचा मूठभर तुकडा बाजूला काढावा, कोणत्या खोलीतून, किती खोलीवरून व कोणत्या दिवशी तो काढला याची चिठ्ठी त्याला बांधावी, आणि तो कोरड्या डब्यात जपून ठेवावा.