तीव्र मनोविकार : ओळख आणि उपचार

(अचलपूर परिसरातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठचे अचलपूर, शेजारचे परतवाडा आणि वर मेळघाटचा डोंगर, हा परिसर परस्परांच्या अडचणीला धावून जाणारा आहे. कोणाला साप चावला तर सारी आळी गोळा होते. परंतु घरातील तरुण एकटाच बोलू लागला, की त्या घराचे दार आतून बंद होते.

समजा, विशीतला एक मुलगा आहे. त्याने कॉलेज सोडले आहे. रात्र रात्र झोप नाही, आंघोळीची शुद्ध नाही. जेवणात कोणी विष कालवते असे तो ठामपणे म्हणतो. इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला ऐकू येतात. 'बाहेरची बाधा आहे', असे घरचे ठरवितात. कोणी मांत्रिकाकडे नेतो, डोंगरात कोणी भूमकाकडे. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल', असाही सल्ला मिळतो. यात महिने, कधी वर्षे जातात. उपचारास जितका उशीर, तितके बरे होणे कठीण.

भास, भ्रम आणि विस्कळीत बोलणे-वागणे ही या विकारांची मुख्य लक्षणे होत. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा त्यांतील प्रमुख आजार. त्यामागे मेंदूतील रासायनिक बिघाड, आनुवंशिकता आणि ताण अशी अनेक कारणे असतात. गांजाच्या व्यसनाने धोका वाढतो. बाळंतपणानंतर किंवा दारू एकाएकी सोडल्यावरही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून डॉक्टरांची तपासणी अगत्याची. असे बहुतेक रुग्ण हिंसक नसतात, हेही ध्यानी घ्यावे.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्या काळी रुग्णाला कोंडून ठेवण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला आणि चित्र पालटले. आजची औषधे भास-भ्रम आटोक्यात आणतात. मात्र पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. सुस्ती, वजनवाढ, हातापायांचा ताठरपणा असे त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे, ते औषध किंवा मात्रा बदलून देतात. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, हे आजार उलटण्याचे मोठे कारण आहे. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर काही आठवडे पुरणारी इंजेक्शनेही आहेत. औषधाइतकेच महत्त्व घरातील शांत वागणुकीला आणि हाताला कामाला आहे.

सेवा गावापर्यंत आली तर लोक पुढे येतात, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. 'विश्राम' प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी जागृती व समुपदेशन केले. दीड वर्षात मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हे काम नैराश्याचे होते. परंतु तीव्र मनोविकारांनाही हीच वाट उपयोगी पडेल.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली असून शासकीय उपचारांचा हक्क दिला आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे वा बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दीर्घ मनोविकार २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वात मोडतो. त्याचे प्रमाणपत्र मिळवून देण्यास पंचायतीने साहाय्य करावे.

शिक्षकांनी एकाएकी मागे पडलेल्या, अबोल झालेल्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन यावे. आशा कार्यकर्तीने कुटुंबाला उपजिल्हा रुग्णालयाची किंवा सुमारे ५० किलोमीटरवरील अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी. टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर अहोरात्र, मराठीतून, विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. बंद दारावर पहिली थाप गावानेच मारावयाची आहे.