खिडकीची बिजागरी आणि चुलीचा धूर

स्वयंपाकघरातली खिडकी तुम्ही रोज उघडता का? पुष्कळ घरांत ती बंदच असते. कारण विचारलं तर उत्तर येतं, "घट्ट झालीय, ओढली की करकरते." मग चुलीचा धूर घरातच कोंडतो. डोळे चुरचुरतात, खोकला जडतो, आणि सगळ्यात जास्त धूर खाते ती चुलीपुढं बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू. गॅस असला तरी खिडकी हवीच. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण न दाबता आधी दारं-खिडक्या उघडायच्या असतात. त्या वेळी कडी अडकून चालेल का?

आता काम बघू. खिडकीमागं दहा मिनिटं पुरतात.

आधी जुन्या दात घासायच्या ब्रशनं बिजागरी, कडी आणि आकड्यावरची धूळ, जाळी, काजळी झाडून घ्या. गंज असेल तर पॉलिश पेपरनं घासा. फारच अडकली असेल तर फडकं रॉकेलात किंवा डिझेलमध्ये भिजवून बिजागरीला थोडा वेळ गुंडाळून ठेवा. चूल विझलेली असतानाच हे करायचं, आणि ते फडकं घराबाहेर वाळवायचं.

मग कोरडं पुसून शिलाई मशीनचं तेल घाला. बिजागरीच्या मधोमध उभी सळई असते, तिच्या वरच्या टोकाशी आणि सांध्यांत दोन-तीन थेंब बास. खिडकी दहा-पंधरा वेळा उघडझाप करा, म्हणजे तेल आत मुरतं. ओघळलेलं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसते.

स्वयंपाकाचं तेल मात्र घालू नका. ते हवेनं चिकट होतं, धूळ धरून ठेवतं. खोबरेल थंडीत थिजतं. पहिले चार दिवस बरं वाटतं, मग खिडकी आणखी घट्ट होते.

बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन फिरत असेल तर तो काढा, भोकात लाकडाचा गोंद लावून गूल काढलेली आगकाडी खुपसा, गोंद वाळला की स्क्रू परत आवळा. पावसाळ्यात लाकूड फुगून खिडकी अडत असेल तर लगेच रंधा मारू नका. लाकूड वाळलं की तीच खिडकी सैल होईल. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खाचेत तेल नको. खाच ब्रशनं झाडून कोरडी ठेवा.

वर्षातून दोनदा हे करा. एकदा मिरगाच्या आधी, एकदा दसऱ्याच्या साफसफाईत. तेलाची एक छोटी बाटली गटात घेतली तर सगळ्यांना पुरते. येत्या बैठकीला ज्यांच्या घरी बैठक, त्यांच्याच खिडकीपासून सुरुवात करा. आणि म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या शेजारणीची खिडकी विसरू नका.