प्रसंगात उभं राहून प्रार्थना

पुण्याहून निघालेली लोकल पिंपरी, चिंचवड मागे टाकत लोणावळ्याला जाते. तिथल्या ‘साधना’ संस्थेचे संस्थापक येशूसंघी फादर अँथनी डिमेलो यांच्या १९७८च्या ‘साधना’ या पुस्तकात शुभवर्तमानातल्या प्रसंगात कल्पनेने शिरण्याचे पाठ आहेत. ही वाट सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रुळवली. येशूजन्माच्या चिंतनात ते सांगतात, नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा; तो सपाट आहे की डोंगरदऱ्यांतला, जन्माची गुहा केवढी, छत किती उंच, हेही पाहा. मग तिथे गरीब सेवक होऊन येशूच्या कुटुंबाच्या हाताखाली राबा.

हा निव्वळ मनाचा खेळ नाही का, हा आक्षेप रास्त आहे. पण इग्नेशियस आधी घटनेचा खरा आधार धरायला लावतात. कल्पनेने नवा येशू घडवायचा नसतो, वाचलेल्या येशूजवळ जायचं असतं. मानसपूजा जाणणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. शिवाय चित्र पाहून उठायचं नसतं. शेवटी मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलायचं असतं. आज रात्री लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली जन्मकथा सावकाश वाचा आणि त्या गव्हाणीपाशी थोडा वेळ थांबा.