शंभर फुटांची वाटणी



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांत झाले. म्हणून विषयही हाताने करायचाच घेतला आहे : छायाचित्राच्या फिल्मचे मोठे रीळ आणून घरी त्याची लहान रिळे कशी करावीत.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे, मग हे कशाला, असे आपण म्हणाल. हौशी मंडळी अजूनही अशी रिळे भरतात हे खरे. पण मला त्यातून एक धडा मिळाला, तो सांगायचा आहे.

आधी थोडा इतिहास. लायका कॅमेरा १९२५ साली लाइप्झिगच्या प्रदर्शनात लोकांपुढे आला. सिनेमाचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याला लागे, आणि वापरणारे बहुधा अंधारात आपली डबी आपणच भरीत. एकदा वापरून टाकून द्यायची तयार डबी कोडॅकने आणली ती १९३४ साली. तेव्हा घरी भरणे ही काही कंजूष माणसाची युक्ती नव्हे.

आता हिशेब. मोठे रीळ शंभर फुटांचे, म्हणजे सुमारे साडेतीस मीटर. एका चित्राला ३८ मिलिमीटर फिल्म लागते. ३६ चित्रे आणि दोन्ही टोकांची सोडलेली फिल्म धरून दीड मीटरच्या थोडे वर जाते. एका रिळात अठरा-एकोणीस डब्या होतात. आम्ही चौघे कार्यकर्ते वर्गणी काढून रीळ घेत असू. एकाने डबी ठासून भरली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येई. शिवाय ठासलेली डबी कॅमेऱ्यात अडते ती वेगळीच.

काम काळोखात करायचे. कागदावर छापताना तांबडा दिवा चालतो, म्हणून तो इथेही चालेल असे पुष्कळांना वाटते. पण नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला तांबडा प्रकाशही दिसतो. मोठे रीळ अंधारात लोडरच्या पेटीत ठेवून झाकण लावले की दिवा लावता येतो. मग बाहेर आलेले टोक डबीच्या फिरकीला चिकटपट्टीने लावायचे, पेटी मिटायची आणि मूठ सावकाश फिरवीत चित्रे मोजायची. झटका दिला तर कोरड्या हवेत ठिणगी पडून तिची नक्षी फिल्मवर उमटते. डबीच्या तोंडाच्या मखमलीत कचरा असेल तर साऱ्या फिल्मवर ओरखडा येतो.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. फिरकीला लावलेले ते टोक उजेड पाहिलेले असते. आणि भरताना जे पहिले, तेच कॅमेऱ्यात शेवटचे! शेवटची दोन-तीन चित्रे आधीच जळालेली असतात.

१९९६ साली एका कारखान्यात एका पोराची उजव्या हाताची तीन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. यंत्राला असे संरक्षण असलेच पाहिजे, असे १९४८ चा फॅक्टरी कायदा तेव्हा सांगत होता. सकाळच्या गेटसभेत मी ३४ चित्रे खर्चून बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीत दोघा कामगारांनी मला आत नेले. ३५ आणि ३६ ही दोन चित्रे मी त्या प्रेसची काढली. रात्री फिल्म धुतली. सभेतला प्रत्येक चेहरा स्वच्छ, आणि शेवटचे दोन चौकोन ठार काळे! दुसऱ्या दिवशी प्रेसला नवी कोरी जाळी बसली होती.

मी त्या दोघांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्यातला वयाने मोठा म्हणाला, “दादा, फोटो जळाला, आम्ही कुठं जळालो? लिहा आमचा जबाब.” दोघांनी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे सह्या केल्या. पुढे एकाला गेटाबाहेर राहावे लागले. माझ्या दोन चित्रांची किंमत त्याने भरली.

तेव्हापासून मी टोकही अंधारातच लावीत आलो, आणि प्रत्येक डबीवर फिल्मचा प्रकार, तारीख व भरणाऱ्याचे नाव लिहीत आलो. दुसऱ्याचा पुरावा आपल्या हातात असतो तेव्हा ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरत नाही. साधन कोणतेही असो, ज्याच्यासाठी ते वापरायचे त्याच्यापाशी जाण्याआधी एकदा तपासून घ्यावे, एवढेच माझे सांगणे.