खुर्ची रिकामी, बियाणे कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सरकारी शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या तर आपल्याला काय, असे आपण सहज म्हणतो. पण एक वाण तयार व्हायला दहा-दहा वर्षे जातात. आज कोणता माणूस काढला आणि कोणता ठेवला, त्यावर उद्या तुमच्या तिफणीत कोणते बी पडणार ते ठरते.

ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथे सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था आहे. २०१४ साली सरकारने तिचे चार वर्षांचे मिळून ११ कोटी डॉलरहून अधिक कापले. २०१६ साली प्रमुख म्हणाले, हवामान बदलते हे सिद्ध झाले, आता त्याला तोंड द्यायचे बघू. कुऱ्हाड पडली हवामानशास्त्रज्ञांवर. जगभर ओरड झाली तेव्हा चाळीस शास्त्रज्ञांचे एक केंद्र राखले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ३०० ते ३५० जागा कमी करण्याचे जाहीर झाले. या कपातींचे गोंडस नाव एकच: प्राधान्यक्रम.

त्याच संस्थेचे नॅराब्रायचे कापसाचे काम मात्र टिकून आहे. का? तिथला शेतकरी २२७ किलोच्या गाठीमागे सव्वादोन डॉलर संशोधनासाठी देतो, सरकार त्यात भर घालते. कापूस उत्पादकांची स्वतःची बियाणे कंपनी पैदाशीच्या खर्चात भागीदार आहे. ज्याचा पैसा, त्याचा शब्द. त्यांची शेती मोठी, पुष्कळशी ओलिताची. त्यांचे वाण आपल्या बरड रानात चालायचे नाहीत. पण रीत बघा. बीटीचे जनुक कंपनीचे, वाण सरकारी संस्थेचे, आणि तेही सरळ.

आपल्याकडे २००२ साली बीटी आले ते संकरित वाणांत. संकरित सरकी दरवर्षी विकत घ्यावी लागते. पाऊस गेला की हलक्या जमिनीची ओल संपते, उशिराची बोंडे भरत नाहीत. कोरडवाहूला हवा लवकर येणारा, दाट लावता येणारा सरळ वाण. पण ज्याचे बी शेतकरी घरी राखतो, त्यात कंपनीला काय मिळणार? ते काम सरकारी केंद्राचेच. मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी तशीच आली, आणि अजून रब्बीत उभी आहे.

आपल्या कृषी विद्यापीठांत संशोधकांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. माणूस निवृत्त होतो, खुर्ची तशीच राहते. ही बिनआवाजाची कपात. ओरड होत नाही, कारण कोणी काढलेच नाही!

आम्ही कृषी पदवीधर असूनही सगळ्या खुर्च्या भरा असे म्हणत नाही. कागद रंगवणारी खुर्ची गेली तर खुशाल जाऊ द्या. शिवारात उभा राहणारा पैदासकार आणि कीटकशास्त्रज्ञ आम्हाला हवा.

चारही विद्यापीठांची दरवर्षी जॉइंट अॅग्रेस्को बैठक होते. वाण आणि शिफारशी तिथे मंजूर होतात. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक जिल्ह्याने तीन प्रश्न लेखी विचारायचे. कोरडवाहू कापूस-ज्वारीसाठी किती पदे मंजूर, किती भरलेली? सरळ वाणांवर खर्च किती? आणि हा क्रम ठरवताना कोरडवाहू शेतकरी तिथे बसला होता का? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. अर्जाचा नमुना आज इथूनच घेऊन जा.