एका दिवसात दक्षिण मुंबई

मुंबई पाहायला एकच दिवस हाती असेल, तर दक्षिण मुंबई गाठा आणि सोमवार टाळा. त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. सकाळीच गेटवेहून लाँच धरा. तासाभरात बेट येतं. पायऱ्या चढताना खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं हिसकावतात.

परत आलात की धोबीतलावावर १९०४ पासून सुरू असलेल्या कयानीत ब्रून मस्का आणि इराणी चहा घ्या. मग चालत ओव्हल मैदानावर या. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची गॉथिक धाटणी, समोर आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारशात घेतला. फोटोसाठी उन्हं उतरतानाची वेळ उत्तम.

संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलला तुफान गर्दी असते. तेव्हा घाई न करता गिरगावात शिरा, खोताच्या वाडीतली लाकडी घरं बाहेरूनच पाहा, ती राहती आहेत. जवळच झणझणीत मिसळ खा, वर गार पियूष प्या आणि आठनंतर, गर्दी ओसरू लागली की गाडी पकडा.